उजव्या किनारीचा पट्टा

आमच्या ओळीत चौदा घरं. त्यातल्या कुठल्याही घरात नवा कपडा आला की तो आधी दगाआप्पांच्या ओट्यावर जायचा आणि मग देवापुढे. लग्नाचा शालू असो, गणवेशाचं कापड असो, नाहीतर रिंग रोडच्या मार्केटातून अर्ध्या भावात उचललेला सेकंडचा माल असो. आप्पांनी बघून मान हलवली की बायका निवांत. आप्पांनी ओठ दाबले की समजायचं, दुकानदाराने टोपी घातली. त्या दाबलेल्या ओठांपायी सुरतेतल्या आमच्या गोडादऱ्यात किती घरांत नवरा-बायको अबोल्याने जेवले, ते मला विचारा. मी शेजारीच राहतो आणि भिंती पातळ आहेत.

आप्पा मूळचे खानदेशातल्या पारोळ्याकडचे, बोलणं अजून अहिराणी. आधीची दोन भावंडं गेली म्हणून आईने याचं नाव दगा ठेवलं. दगडाला कोण नजर लावणार? सुरतेला आले तेव्हा मिसरूड फुटायचं होतं. आधी लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवले, मग पांडेसऱ्यातल्या एका रंगाच्या मिलमध्ये लागले आणि तिथे तपासणीच्या टेबलावर जे बसले ते अठरा वर्षं उठले नाहीत. मिलमध्ये रंगायला जो कोरा कपडा येतो त्याचा एकेक ताका उलगडून बघायचा. कुठे धागा तुटलाय, कुठे भोक आहे, कुठे लूमचं तेल सांडलंय. दोष सापडला की आप्पा किनारीला लाल दोरा बांधत आणि ताका बाजूला टाकत. एकदा आप्पांचा लाल दोरा बसला की तो ताका पुन्हा कुणी उलगडून बघत नसे. सेठ नाही, विणणारा नाही, कपड्याचा मालकसुद्धा नाही. आजूबाजूच्या चार मिलांत हे ठाऊक होतं.

त्यांची बघायची तऱ्हाही न्यारी. उजवा डोळा गच्च मिटायचा, मान खाली घालून डावा डोळा कापडाला वीतभर अंतरावर आणायचा आणि हलायचं म्हणून नाही. कापड पुढे सरकतंय, आप्पा जागच्या जागी. मी एकदा म्हणालो, "आप्पा, तुम्ही कपडा तपासता की त्याच्या कानात काही सांगता?" तर म्हणाले, "दोन डोयांनी दखं की दोन मतं व्हतस, मास्तर. एक डोया, एक मत."

मला मास्तर म्हणतात, पण मी महानगरपालिकेच्या मराठी शाळेत कारकून आहे. मी कधी दुरुस्ती केली नाही. फुकटचा मान कोण परत करतो?

तर प्लेगनंतरचं दुसरं वर्ष, शहाण्णव. थंडी संपत आली होती. मंगळवारी संध्याकाळी आमच्या मालतीबाई, म्हणजे आमचं कुटुंब, मार्केटातून साडी घेऊन आल्या. मोरपंखी, बारीक बुट्टी. किंमत काय सांगितली ते मी इथे लिहीत नाही, कारण खरी किंमत मला अजून माहीत नाही. साडी घेऊन बाई थेट शेजारच्या ओट्यावर. मीही मागोमाग, कारण ओठ दाबले गेले तर मला बघायचं होतं.

आप्पा नुकतेच कामावरून येऊन बसले होते. दिवसभरात कडोदऱ्याच्या एका युनिटचे अकरा ताके बाद केले म्हणून जरा फुशारीत होते. "अकरा!" मला म्हणाले. "अकराना अकरा एकाच मानूसना. आपला बळीराम. उजव्या किनारीले तेलना पट्टा. सुरवातथीन शेवटपावत, एक मीटर सुटेल नही. लूमना तेल टपकी ऱ्हायनं आनि हाऊ पठ्ठा झोपेल व्हई."

बळीराम मागच्या गल्लीतला, आप्पांच्याच गावाकडचा. तीस-बत्तीसचा, आठ लूम सांभाळायचा आणि कधी कुणाच्या वाकड्यात जायचा नाही. मला जरा आश्चर्य वाटलं. पण लाल दोऱ्यापुढे कोण बोलणार?

मालतीबाईंनी साडी मांडीवर टाकली. आप्पांनी उजवा डोळा मिटला, मान खाली घातली, पदर सरकवत सरकवत बघितला आणि ओठ दाबले.

"पट्टा शे," म्हणाले.

"पट्टा?" मालतीबाई.

"उजव्या किनारीले. तेलना."

"अहो आप्पा, मी उजेडात उलगडून घेतलीय!"

"हाऊ काय, दख."

मालतीबाईंनी साडी ओढून घेतली, डोळ्यांसमोर धरली, पुढून पाहिली, मागून पाहिली, माझ्या नाकासमोर आणली. मला काहीच दिसलं नाही, पण नवऱ्याने अशा वेळी मत द्यायचं नसतं. बाई भडकल्या. "आप्पा, तुमचा मान ठेवून सांगते, ह्या साडीवर डाग दाखवा नाहीतर मी आत्ता तुमच्या सुभद्राबाईंना बोलावते!"

आप्पांनी पुन्हा डोळा मिटला. साडी नव्हतीच आता समोर, समोर होत्या मालतीबाई. आप्पा तसेच एका डोळ्याने त्यांच्याकडे बघत राहिले. मग भिंतीकडे. मग माझ्याकडे. मग पुन्हा मालतीबाईंकडे. त्यांचा चेहरा जरा उतरला.

"मालतीताई," ते हळूच म्हणाले, "तुम्हनं कुंकू दखास. तोंड दखात नही."

"दिसत नसेल," मी म्हणालो, "पण ऐकू येतंय ना? मग तक्रार कसली?"

मालतीबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी दुसऱ्या दिवशीच्या डब्याची आशा सोडली. पण आप्पा हसले नाहीत. एरवी माझ्या असल्या बोलण्यावर ते मांडीवर थाप मारत. आता त्यांनी उजवा डोळा उघडला, डावा मिटला. डावा उघडला, उजवा मिटला. दाराची चौकट बघितली, विजेचा खांब बघितला, स्वतःच्या हाताची बोटं बघितली. प्रत्येक वेळी डाव्या डोळ्याला खाली, नाकाच्या बाजूला, तोच राखाडी पट्टा. कापड नसलं तरी पट्टा आहेच.

मालतीबाई साडी छातीशी धरून घरात गेल्या. साडी निर्दोष सुटली एवढ्यावरच त्या खूश होत्या. बाकी त्यांच्या ध्यानात आलं नाही. आप्पांनी माझं मनगट धरलं.

"मास्तर, कोनले सांगू नको."

आता मला ओळखणारा कुणीही सांगेल की हे वाक्य मला म्हणणं म्हणजे मांजराला दुधाच्या राखणीला बसवणं. पण त्यांचा हात गार पडला होता. मी हो म्हणालो.

"दुखतंय का?"

"नही."

"कधीपासून?"

"सकायपासून. तोंड धवं तव्हय वाटनं, डोयामा साबन गया." मग माझं मनगट सोडून म्हणाले, "टेबल जाई, मास्तर."

डोळा जाईल असं म्हणाले नाहीत. टेबल जाईल म्हणाले.

बुधवारी मी किरकोळ रजा टाकली. सुभद्राबाईंना सांगितलं की आप्पांना शाळेच्या पडद्याचं कापड बघायला नेतो. सुभद्राबाईंनी मला वरून खाली न्याहाळलं. "पडदाना कपडासाठे अंघोय करीसन, इस्त्रीना सदरा घालीसन?" एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. मी रिक्षा बोलावली.

शहरात एका ट्रस्टचं डोळ्यांचं हॉस्पिटल आहे, तिथे गेलो. डॉक्टर म्हणजे एक तरुण गुजराती बाई. त्या गुजरातीत बोलत होत्या, मधूनच हिंदीत. मी आपल्या भाषेत सांगतो. डोळ्यात थेंब टाकून तासभर बसवलं. बाहुल्या अशा मोठ्या झाल्या की आप्पा घुबडासारखे दिसायला लागले. मी तसं सांगितलंही. "तुले मातर दोन्ही डोयांनी दखी ऱ्हायनू," ते म्हणाले, "काय करू, इलाज नही." तेव्हा मला बरं वाटलं, माणूस टोमणा मारतोय म्हणजे ठीक आहे.

मग बाईंनी डोक्याला दिवा लावून, हातात भिंग धरून कितीतरी वेळ बघितलं. डावा, उजवा, पुन्हा डावा. आणि म्हणाल्या, फोटो काढावे लागतील, हाताच्या शिरेत औषध देऊन. औषध म्हणजे रंग. पिवळा.

"रंग?" आप्पांनी विचारलं. "कसला?"

"तो रक्तातून डोळ्याच्या पडद्यापर्यंत जातो. जिथे नळी मोकळी तिथे चमकतो, जिथे बंद तिथे काळोख. तासा-दोन तासांत अंग पिवळं दिसेल, लघवी केशरी होईल. घाबरू नका, उद्यापर्यंत उतरेल."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. पांडेसऱ्यात अठरा वर्षं काढलेल्या माणसाला कुणीतरी रंगात बुडवणार होतं. "उतरेल म्हणजे," त्यांनी बाईंना विचारलं, "कच्चा रंग?"

बाईंना हसू आलं. "हो काका. एकदम कच्चा."

सुई टोचली, मळमळलं, निळा उजेड लखलख लखलख चमकला, आणि झालं. फोटो धुऊन यायला दुपार झाली. बाईंनी टेबलावर मांडले. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या फांद्या, जणू पानं झडलेलं झाड. डाव्या डोळ्याच्या झाडाची एक वरची फांदी अर्ध्यातच संपली होती. जिथे दोन फाटे फुटतात, नेमकं तिथे.

"हे बघा काका. पडद्याला रक्त नेणारी बारीक नळी आहे ही. वरची, कानाच्या बाजूची. हिच्यात चरबीचा एक कण येऊन अडकलाय. मानेच्या मोठ्या नळीतून सुटून आला असेल. पुढचा पडदा उपाशी राहिला आणि सुकला."

"पन माले खाली दखात नही. आनि नाककडे."

"पडद्यावर सगळं उलटं पडतं. वरची नळी बंद झाली की खालचं जातं, कानाकडची बंद झाली की नाकाकडचं."

हे मात्र आप्पांना चटकन कळलं. छपाईच्या ठशावरही नक्षी उलटी असते. त्यांनी मान हलवली, जशी चांगल्या कापडावर हलवायचे तशी. "आता तो कन काढा," म्हणाले.

बाईंनी फोटो बाजूला सरकवला. "काल सकाळी लगेच आला असतात तर मी खटपट केली असती. तेव्हाही खात्री नव्हती. आता जे गेलं ते गेलं, काका. परत येणार नाही."

आप्पांनी पुन्हा मान हलवली.

"पण मला जास्त काळजी उजव्या डोळ्याची आहे." बाईंनी दुसरा फोटो पुढे केला. तिथे झाड पूर्ण होतं, पण एका फांदीवर गाठीसारखा एक चमकता ठिपका. "हा फुगवटा आहे. सायकलच्या ट्यूबला एके जागी फुगा येतो ना, तसा. नळीची भिंत तिथे पातळ झालीय. आत्ता त्याचा काही त्रास नाही. पण फुटला तर डोळ्यात रक्त उतरेल, मग हाही डोळा अंधारात."

मग त्यांनी दंडाला पट्टा बांधून दाब बघितला. वरचा दोनशे, खालचा एकशे दहा. बाईंनी यंत्राकडे बघितलं, आप्पांकडे बघितलं, पुन्हा मोजला. तेवढाच. "हे किती वर्षांपासून आहे?" "काय?" "दाब." "माले काय माहित? कधी मोजा नही." विड्या किती? आप्पांनी एक बंडल सांगितलं. मी मागून दोन बोटं दाखवली.

गोळ्या मिळाल्या. एक दाबाची, एक रक्त पातळ राखायची. मीठ कमी, विडी बंद, हृदयाची आणि मानेच्या नळीची तपासणी. "आज कण डोळ्यात गेला," बाई म्हणाल्या, "उद्या मेंदूत गेला तर अर्धं अंग जाईल. हा इशारा समजा. तीन महिन्यांनी मला फुगवटा दाखवायला या."

रिक्षात आप्पा डावा डोळा मिटून दुकानांच्या पाट्या बघत होते. उधना दरवाज्याशी आल्यावर म्हणाले, "उजव्या डोयानी शिकनं पडी." मी म्हणालो, अठरा वर्षं आळशासारखा मिटून ठेवलाय, आता करू दे थोडं काम. तर म्हणाले, "सेठले कळनं तर शिकाले देई का?"

घरी पोचलो तोवर रंग पूर्ण चढला होता. हळदीत लोळवून काढावं तसा माणूस. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा, तळहात पिवळे. ओट्यावर पुष्पाबाई बसल्या होत्या, समोरच्या. त्यांनी एकदा बघितलं आणि छातीवर हात मारला. "कावीळ!" पाच मिनिटांत ओळीला कळलं. कुणी उसाचा रस आणला, कुणी कावीळ उतरवणाऱ्याचा पत्ता सांगितला, कुणी म्हणालं, पांडेसऱ्याचा रंग शेवटी अंगात भिनलाच. मला सगळं माहीत असून मी तोंड मिटून उभा होतो. असली शिक्षा मला शाळेतही कधी झाली नव्हती.

सुभद्राबाई दारात आल्या. नवऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"पडदा पिवया घेतात का?"

त्यांनी नवऱ्याला आत नेलं आणि दार लावलं. भिंत पातळ आहे हे मी आधी सांगितलंच आहे. "तुम्हीन काय लपाडी ऱ्हायनात? माले काय आंधी समजतस का?" एवढं ऐकू आलं, मग आप्पांचा हळू आवाज. संध्याकाळी सुभद्राबाईंनी विड्यांची दोन्ही बंडलं सगळ्यांदेखत गटारात टाकली. जेवताना म्हणे पहिल्यांदाच आप्पांच्या ताटात मीठ वाढलं नाही. आप्पांनी मागितलं नाही.

गुरुवारी रंग उतरला आणि संध्याकाळी बळीराम आला.

पायरीवर चप्पल काढून उभा राहिला. आप्पा आत बस म्हणाले तरी बसला नाही. "आप्पा, कावीळ झाली म्हणे तुम्हाला. बरं वाटतंय?"

"वाटस."

"एक विचारायचं होतं." तो पायाच्या अंगठ्याने फरशी घासत होता. "ते अकरा ताके. मी आठही लूम खोलून बघितले आप्पा. तेलाचं एकेक भोक बघितलं. कुठे गळत नाही. मालक म्हणतात, दगाआप्पांचा दोरा आहे म्हणजे पट्टा आहे. उद्या संध्याकाळपर्यंत पट्टा कुठून आला ते सांग, नाहीतर शनिवारपासून लूमवर दुसरा माणूस."

"मालकनी ताका दखात का?"

"कशाला बघतील? ताके तुमच्याच गोदामात पडलेत. तुमचा दोरा आहे ना." मग त्याने चाचरत विचारलं, "आप्पा, रागावू नका. लूमच्या कोणत्या बाजूने पडत असेल, एवढं सांगाल का? मी रात्रभर बसून दुरुस्त करतो."

तो डाग दाखवा म्हणत नव्हता, की तुमची चूक असेल असंही म्हणत नव्हता. डाग आहेच, असं धरून तो कुठून आला ते विचारत होता. आप्पांच्या शब्दापुढे त्याने स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला नव्हता.

मी आप्पांकडे बघितलं. मला वाटलं, आता काहीतरी गोलमाल बोलतील. लूमच्या उजव्या बाजूचं बेअरिंग बघ, असं एक वाक्य पुरलं असतं. बळीराम ते बदलून मालकाला दाखवून आला असता, नोकरी राहिली असती, टेबल राहिलं असतं. कुणाचं काही बिघडलं नसतं. खरं सांगतो, मी आप्पांच्या जागी असतो तर तेच म्हणालो असतो, आणि वर चहा पाजला असता.

आप्पा म्हणाले, "सकाळी मिलमा ये. नऊ वाजता."

शुक्रवारी मी आणखी एक किरकोळ रजा टाकली. हेडमास्तरांनी कारण विचारलं, मी कावीळ म्हणालो.

पांडेसऱ्यातल्या त्या मिलच्या तपासणीच्या खोलीत मी पहिल्यांदाच गेलो. लांब तिरकं टेबल, वर दोन ट्यूबलाईट, खाली एक गुळगुळीत झालेलं स्टूल. स्टुलावर योगराज बसला होता, आप्पांच्या हाताखालचा, चाळिशीचा माणूस. आप्पांना बघून तटकन उठला. आप्पा बसले नाहीत. सेठ जयंतीभाईंना बोलावणं गेलं. ते चहाची बशी हातात घेऊनच आले. "दगाभाई! तबियत केम छे?"

"सारी छे, सेठ." आप्पा योगराजकडे वळले. "ते अकरा ताका टेबलवर घे."

ताके आले. बळीराम दाराशी उभा. आप्पांनी पहिला ताका उलगडला. "योगराज, दख. उजवी किनार."

योगराजने बघितलं. चार मीटर सरकवून बघितलं. "काही नाही आप्पा."

"मंगळवारी दखं व्हतं का?"

"बघितलं होतं."

"तव्हय काय दखायनं?"

योगराज चुळबुळला. "काहीच नाही."

"मग बोलना का नही?"

"तुम्ही दोरा बांधला होता आप्पा. मला वाटलं, माझेच डोळे कच्चे."

आप्पांनी टेबलावरची कात्री घेतली आणि एकेक लाल दोरा कापायला सुरुवात केली. सावकाश, घाई नाही. अकरा दोरे कापले आणि मुठीत धरून सेठकडे वळले. मिलमध्ये ते सेठशी गुजरातीत बोलत, पण हे वाक्य अहिराणीत आलं.

"डाग कपडामा नही, सेठ. मना डोयामा शे."

जयंतीभाईंनी बशी टेबलावर ठेवली. मग आप्पांनी सगळं सांगितलं. नळी, चरबीचा कण, उलटा पडदा. इतकं नीट सांगितलं की डॉक्टरबाईंनी शाबासकी दिली असती. सेठ ऐकत होते. शेवटी विचारलं, "अने बीजी आंख?" दुसरा डोळा?

मी आप्पांचा सदरा मागून ओढला. उजव्या डोळ्याने स्वच्छ दिसतं, एवढं बोलून थांबा, असं मला म्हणायचं होतं. ते खोटंही नव्हतं. आप्पांनी सदरा सोडवून घेतला आणि फुगवट्याचंही सांगितलं.

सेठनी भिंतीवरच्या फोनवरून तिथेच, सगळ्यांसमोर, कडोदऱ्याला फोन लावला. माल चोख आहे, चूक आमच्याकडची, बळीरामला काही बोलायचं नाही. फोन ठेवला. बळीराम पुढे आला, आप्पांच्या पायाला हात लावायला वाकला. आप्पांनी त्याला दंडाला धरून उभं केलं. "तू तरी सांगाले पाहिजे व्हतं ना रे येड्या, की डाग नही म्हनीसन!"

"कसं सांगणार आप्पा?"

आप्पांनी मुठीतले दोरे खिशात टाकले. मला वाटतं, त्या दिवशी त्यांना डोळ्यापेक्षा हे जास्त लागलं.

"दगाभाई," सेठ म्हणाले, "उद्यापासून टेबलावर योगराज. तुम्ही गोदामात. आलेला माल उतरवून घ्यायचा. पगार तोच." आवाज मऊ होता, पण त्यात बदल होणार नव्हता. ज्या टेबलावरचा दोरा कुणी तपासत नाही, त्या टेबलावर चूक करून चालत नाही, हे सेठलाही कळत होतं आणि आप्पांनाही.

"बरं," आप्पा म्हणाले.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "आप्पा, फुगवट्याचं कुणी विचारलं होतं का तुम्हाला?"

"विचारं व्हतं ना. दुसरा डोया म्हने."

तीन महिने ते गोदामात राहिले. गोळ्या वेळेवर, कारण सुभद्राबाई समोर उभ्या राहून गिळायला लावत आणि मग तोंड उघडून दाखवा म्हणत. विडीच्या जागी बडीशेप आली. आप्पा ती अशी चघळत की जणू बडीशेपेने त्यांचं काही वाईट केलंय. पहिल्या महिन्यात ते ओट्यावर फारसे बसले नाहीत. बायका कपडे आणायच्या थांबल्या. कुणी बोललं नाही, पण थांबल्या. मी माझी नवी लुंगी घेऊन गेलो तर म्हणाले, "लुंगीले काय दखनं? ती आतेच फाटेल शे."

पण दुपारच्या सुट्टीत गोदामात एकटे बसून ते काय करत, ते मला मालाबरोबर तिथे येणाऱ्या बळीरामने सांगितलं. बाद कापडाचा एक तुकडा घेऊन, मान ताठ ठेवून, दोन्ही डोळे उघडे ठेवून बघत बसायचे. मग डावा मिटून. मग पुन्हा दोन्ही उघडे. तुकडा संपला की दुसरा.

मे महिन्यात पुन्हा हॉस्पिटलला गेलो. या वेळी सुभद्राबाईही आल्या. पडद्याच्या खरेदीवर आता त्यांचा विश्वास नव्हता. डॉक्टरबाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, फुगवटा आपोआप आत बसलाय, नळी तिथे मोकळी आहे, आता धोका कमी. दाब एकशे चाळीस. डावा होता तसाच, आणि तसाच राहणार.

"टेबलवर बसू का?" आप्पांनी विचारलं.

"कसलं टेबल?"

सांगितलं. बाई म्हणाल्या, वाकायचं नाही, तासाने उठायचं, डोळा मिटून बघायचं नाही. दोन्ही डोळे उघडे ठेवले तर उजवा बरंच भरून काढेल. पण एकट्याच्या भरवशावर असं काम करू नका.

दुसऱ्या दिवशी आप्पा सेठच्या खोलीत गेले. टेबल मागितलं नाही. म्हणाले, योगराजच्या समोर एक स्टूल टाका. प्रत्येक ताका तो बघेल, मग मी बघेन. दोघांना दिसला तरच डाग. एकालाच दिसला तर तिसऱ्याला बोलवायचं. सेठ म्हणाले, दुप्पट वेळ जाईल. आप्पा म्हणाले, हो, जाईल.

स्टूल पडलं. मी मुद्दाम बघायला गेलो. एवढं ऐकून घरी कोण बसेल? बळीराम कडोदऱ्याहून माल घेऊन आला होता आणि दाराशी खोळंबला होता. टेबलाच्या दोन बाजूंना दोघं, मधे कापड.

"तेल," योगराज म्हणाला.

"पानी."

"तेल आहे आप्पा. चांगलं तेल आहे."

"तेलनी कड पिवयी ऱ्हास. यानी कड दख. शे का पिवयी?"

"आप्पा, तुम्हाला दिसत नाही..."

योगराज जीभ चावून थांबला. आप्पा मोठ्याने हसले, कितीतरी दिवसांनी, मांडीवर थाप मारून.

"हां, माले दखात नही. म्हनीसन तर तुले बसाडेल शे आठे! नीट दख."

योगराजने नीट बघितलं. "पाणी," तो कबूल झाला. "वाळलं की जाईल."

"जाऊ का मी?" बळीराम दारातून म्हणाला.

"थांब," आप्पा म्हणाले, आणि मान ताठ ठेवून, दोन्ही डोळे उघडे ठेवून, कापड स्वतःकडे ओढलं. "माले आजून एकदाव दखू दे."